नागपूर सोडून डोंगरावरच्या लहान गावात राहायला जायचंय, आधी गाव कसं पारखावं?

निंबोणी (९ मार्च)

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंच. घर मानेवाड्याला, २८ वर्षं झाली. हे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, माझी शाळा येत्या ३० एप्रिलला सुटते. मुलगी पुण्याला, तिच्या संसारात. तीन वर्षांपूर्वी यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत. तब्येत स्थिर आहे, रोज चार किलोमीटर चालतात. पण उन्हाळा आता सोसवत नाही.

आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाला तेव्हा समोरचा कडुनिंब गेला. आता मे महिन्यात रात्री दोन वाजता भिंतीला हात लावला तरी कोमट लागते. कूलर सुरू ठेवून पंख्याखाली झोपायचं, तरी पहाटे यांचं अंग घामाने भिजलेलं. मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले, तेव्हा ठरवलं की हे पुरे झालं.

डोंगरावरचं एखादं लहान गाव हवं आहे. खर्च बेताचा हवा. भाड्यासकट महिना ३० हजारांत भागलं पाहिजे, भाडं ८ हजारांच्या वर नको. नागपूरचं घर विकणार नाही. मनात चार नावं आहेत: अमरावती जिल्ह्यातला चिखलदरा, आणि मध्य प्रदेशातली तामिया, पचमढी, मुलताई. यांचा जीव चिखलदऱ्यात. लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर गेलो ते तिथेच, गणेशपेठहून एसटीने.

फिरायला म्हणून ही सगळी गावं पाहिली आहेत. पण पॉइंट पाहणं वेगळं आणि तिथे गॅस सिलेंडर लावून घेणं वेगळं. राहायला जाण्याआधी गाव पारखायचं तर काय पाहावं, कुणाला विचारावं, कोणत्या दिवसांत जावं? ज्यांनी असं केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

---

भूगोलवाला

ताई, आधी थंडाव्याचा हिशोब मांडतो. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, चिखलदरा ११०० च्या थोडं वर. म्हणजे ८०० मीटरचा फरक, पाच अंश. नागपुरात ४५ असेल तेव्हा तिथे ४० धरा. लोकांना वाटतं चिखलदऱ्याला मे महिन्यात स्वेटर लागतो, तसं नाही. दुपार तिथेही तापते.

खरा फायदा रात्रीचा आहे. शहरातलं सिमेंट, डांबर दिवसभर उष्णता पिऊन ठेवतं आणि रात्रभर सोडत राहतं. तुमची कोमट भिंत तीच. डोंगरावर आजूबाजूला झाडी, वारा मोकळा, सूर्य मावळला की तासाभरात हवा बदलते. तुमच्या यजमानांना झोप हवी आहे, तर दुपारचा पारा पाहू नका, पहाटे चारचा पाहा. साधा थर्मामीटर सोबत न्या.

पचमढी उंचीने चिखलदऱ्याच्याच जवळपास. मुलताई सातशे मीटरच्या वर, म्हणजे फरक जेमतेम तीन अंशांचा.

---

पांढुर्णेकर

मुलताईला थंड हवेचं ठिकाण कोणी म्हणत नाही, म्हणूनच ते परवडतं. तापीचा उगम, तलावाकाठी मंदिरं, बाजार चांगला. नागपूर-इटारसी लाईनवर रेल्वे स्टेशन आहे, भोपाळ हायवेही लागून जातो. अडीच-तीन तासांत नागपूरच्या धंतोलीतले मोठे दवाखाने गाठता येतात. मराठी सगळीकडे चालते. आमच्या पांढुर्ण्या-सौंसरकडे तर घरची भाषाच मराठी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. राज्य बदललं की कागद बदलतात. महाराष्ट्राच्या नंबरची गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्यातच आहे ते. रेशनकार्ड, मतदान, महात्मा फुले योजना हे सगळं इकडचं. पेन्शन काही अडत नाही, हयातीचा दाखला कुठूनही देता येतो. माझ्या सासऱ्यांनी हे आधी विचारात घेतलं नव्हतं, मग ऑपरेशनच्या वेळी पळापळ झाली.

---

रेशीमबाग

पचमढी माझ्या मनात घर करून आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या महादेवाला जातात. आजोबा खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढले, मी श्रावणात नागद्वारीला सात वेळा गेलो. एके काळी मध्य प्रांताची राजधानी नागपूर आणि उन्हाळ्यातली राजधानी पचमढी, तेव्हा आपलं नातं जुनंच.

पण राहायला? गावाचा मोठा भाग छावणीचा, भोवती अभयारण्य. भाड्याने घर मिळणंच अवघड, कारण ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या आहेत तो त्या पर्यटकाला दिवसाच्या भावाने देतो. मी दोन वर्षांपूर्वी तीन दिवस दारोदार फिरलो. एका घरमालकाने स्वच्छ सांगितलं, नाताळाच्या आठ दिवसांत मला जेवढं मिळतं तेवढं तुम्ही चार महिन्यांत द्याल का? माणूस खरं बोलला. शिवाय आजारी माणूस घेऊन उतरायचं तर पिपरिया ५० किलोमीटर.

कोणत्याही पर्यटनाच्या गावात हा प्रश्न आधी विचारा: वर्षभराच्या भाडेकरूला इथे कोणी घर देतं का, आणि सीझन आला की त्याला बाहेर काढतात का?

---

तलाठ्याची लेक

निंबोणीताई, तुम्ही भाड्याचंच म्हणताय हे फार बरं केलंत. तरीही लिहून ठेवते, कारण हा धागा वाचून कोणीतरी प्लॉट घ्यायला निघेल.

चिखलदरा तालुका म्हणजे मेळघाट. बरीचशी जमीन आदिवासी खातेदारांची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या मंजुरीशिवाय विकत घेताच येत नाही. साध्या कागदावर, स्टॅम्पपेपरवर, 'माझ्या माणसाच्या नावावर ठेवू' असं कोणी म्हटलं तर उठून यावं. असा व्यवहार टिकत नाही, आणि जमीन ज्याची आहे त्याच्यावर अन्याय होतो ते वेगळंच. माझे वडील तलाठी होते. अशा व्यवहारात दोन्हीकडची घरं बुडालेली मी लहानपणी पाहिली आहेत.

सातबारा ऑनलाईन दिसतो. भोगवटादार वर्ग १ की २ ते बघा (वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही), इतर हक्कात काय लिहिलंय ते बघा, फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागवा. शेतकरी नसाल तर शेतजमीन तशीही घेता येत नाही. 'एनए (बिगरशेती) होणार आहे' या शब्दांवर पैसा द्यायचा नाही.

आणि भाड्यासाठी: ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असा सर्रास समज आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. ऑनलाईन होतो, खर्च फार नाही. मालक नाही म्हणाला तर का नाही म्हणतोय ते शोधा.

---

गाविलगड

मी चिखलदऱ्यात राहतो. मूळचा अमरावतीचा, बदलीने आलो आणि नोकरी संपल्यावर इथेच राहिलो. आठवं वर्ष आहे.

ताई, तुम्ही दोनदा या. एकदा नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, एकदा ऑगस्टमध्ये. दिवाळीत किंवा डिसेंबरात येऊ नका, तेव्हा हे गाव कुणालाही आवडतं. पाऊस थांबला की दऱ्या हिरव्या, आभाळ निळं, शेजारच्या मोथा गावची रबडी खाऊन माणूस खोली बघायला निघतो आणि डोळे मिटून हो म्हणतो. मार्चमध्ये तोच माणूस पाण्यासाठी भांडत असतो.

आल्यावर हॉटेलात उतरू नका. कुणाच्या घरी खोली मिळेल ती घ्या, मी बघून देतो. हातात पिशवी घेऊन बाजारात जा. भाजी पायथ्याच्या परतवाड्याहून वर येते, कोणत्या दिवशी ताजी आणि कोणत्या दिवशी शिळी ते कळेल. औषधाच्या दुकानात यांच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, आहेत का विचारा, नसतील तर किती दिवसांत येतील विचारा. नळ किती दिवसांआड येतो हे मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. आणि सकाळी साडेसहाला परतवाड्याची गाडी लागते तिथे जाऊन उभे राहा. कोण खाली चाललंय आणि कशासाठी, एवढं ऐकलं तरी गावात काय मिळत नाही ते कळतं.

---

परिचारिका

मी २२ वर्षं हृदयरोग विभागात काम केलं, म्हणून राहवत नाही. ताई, दोन स्टेंट असलेल्या माणसासाठी हवेच्या आधी वेळ बघा. छातीत दुखायला लागलं तर दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होऊ शकेल अशा ठिकाणी पोहोचणं उत्तम. ते जमत नसेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लवकरात लवकर मिळायला हवं. म्हणून गावातल्या सरकारी दवाखान्यात जाऊन शांतपणे तीन गोष्टी विचारा. रात्री डॉक्टर असतात का? ईसीजी रात्रीही निघतो का? हे इंजेक्शन इथे देतात की खाली पाठवतात? कुणालाही राग येत नाही विचारल्याचा.

१०८ महाराष्ट्रात सगळीकडे आहे, पण गाडी कुठे उभी असते ते बघून या. आणि तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा, गाव ठरवून झाल्यावर नाही.

---

कन्हानकाठ

सगळे दवाखाना आणि पाणी म्हणून राहिले, मी दुसरं सांगतो. माझा मोठा भाऊ आणि वहिनी तामियाला गेले होते. जागा स्वर्गासारखी, समोर पाताळकोटकडे उतरणाऱ्या दऱ्या. दवाखान्यासाठी छिंदवाडा, दीड तास, तेही त्यांनी जमवलं होतं. चौदा महिन्यांत परत आले. वहिनीला बोलायला बाईमाणूस नव्हतं. शेजारी गोंडी बोलत, दुकानदार हिंदी, आणि वहिनी जन्मभर नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात सतरा बायकांत राहिलेली. संध्याकाळी सात वाजता गाव मिटायचं. ती रोज रात्री बहिणीला फोन करून रडायची हे भावाला फार उशिरा कळलं.

दादांना चिखलदरा हवंय हे तुम्ही लिहिलंत. तुम्हाला काय हवंय ते नाही लिहिलं.

---

निंबोणी

कन्हानकाठ, तुमचं वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. खरंच लिहिलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं, मी स्वतःलाही नाही.

मला यांची झोप हवी आहे. आणि शाळा सुटल्यावर रोज कुणीतरी 'बाई' म्हणून हाक मारणारं हवं आहे. मानेवाड्यात ती हाक आहे. वर गेल्यावर ती कुठून येईल, हेही पाहून येईन.

परिचारिकाताई, डॉक्टरांची वेळ घेतली. ते म्हणाले, चालणं, जिना, सगळं झेपतंय, ११०० मीटर उंचीने काही बिघडत नाही. पण खाली उतरायला किती वेळ लागतो ते मला आकड्यात सांगा, मग बोलू.

---

गाविलगड

कन्हानकाठ यांच्या वहिनींचं दुःख खरं आहे. पण त्यावरून डोंगर नकोच असं ठरवू नका. मला स्वतःला पहिली दोन वर्षं जड गेली. मग कोरकू शिकायला लागलो. शेजारच्या म्हाताऱ्याने शिकवली, अजून मोडकीतोडकीच येते. पण होळीला त्यांच्या वस्तीत बोलावणं येतं आता. आपण शहरातून येतो आणि वाट बघतो की गावाने आपल्याशी बोलावं. गावात आधीपासून माणसं राहतात, त्यांना आपली गरज नसते. पहिलं पाऊल आपणच टाकायचं असतं.

---

कन्हानकाठ

मान्य. पण ६० व्या वर्षी नवीन भाषा प्रत्येकाला नाही जमत, आणि न जमणं हा दोषही नाही. म्हणूनच आधी राहून बघा म्हणतो.

---

निंबोणी (४ जून)

नवतपात जाऊन आलो. २६ मे ते १ जून, सात दिवस. जरा लांबलचक लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

गणेशपेठहून अमरावती, तिथून परतवाडा, मग वर. सगळं मिळून २३० किलोमीटर. मला एसटीत अर्धं तिकीट, यांना पूर्ण, कारण ६५ ला अजून पाच वर्षं आहेत. गाविलगड यांनी एका आजींच्या घरातल्या दोन खोल्या मिळवून दिल्या. कौलारू घर, पुढे ओसरी, मागे फणस.

थर्मामीटर ओसरीत टांगला होता. दुपारी ३८-३९. भूगोलवाल्यांचा हिशोब अगदी बरोबर निघाला, त्या दिवसांत नागपूर ४४ च्या पुढे होतं. पण पहाटे चारला २४. यांनी चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला चहा मागितला आणि म्हणाले, रात्री एकदाही उठलो नाही. तीन वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मला स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागलं.

आता दुसरी बाजू. पाणी. आजींच्या घरी नळ रोज येत नाही. दोन मोठे ड्रम आणि अंगणातली टाकी यावर चालतं. शेजारणीने सांगितलं, मे महिन्यात धुणं आठवड्यातून दोनदाच. तालुक्यातल्या काही गावांना तर टँकरच. आम्ही सात दिवस मोजून पाणी वापरलं. दोघांना दिवसाला १५० लिटरमध्ये भागवता येतं, पण लक्ष ठेवावं लागतं. नागपूरच्या घरी किती वाया घालवतो ते तिथे कळलं.

भाजी नागपूरपेक्षा महाग, आणि सोमवारी-मंगळवारी तर मरगळलेली. दूध मात्र सुरेख. मोथ्याचे गवळी आणून देतात, खवाही स्वस्त. यांच्या पाच गोळ्यांपैकी तीन औषधाच्या दुकानात होत्या, दोन परतवाड्याहून मागवाव्या लागतात, दुसऱ्या दिवशी येतात. दोन महिन्यांचा साठा ठेवला तर प्रश्न नाही.

मग तो आकडा. ३० तारखेला रात्री साडेनऊला भाड्याची गाडी केली आणि घरापासून परतवाड्यापर्यंत घड्याळ लावून उतरलो. ५५ मिनिटं. धामणगाव गढीच्या रस्त्याने. तिथून अमरावती आणखी सव्वा तास. म्हणजे दोन तास दहा मिनिटं, रात्री, कोरड्या रस्त्यावर. ग्रामीण रुग्णालय घरापासून चालत आठ मिनिटं. तिथल्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं, ईसीजी होतो, पुढचं खाली.

आणि 'बाई' म्हणून हाक: आजींची नात सातवीत आहे. दुसऱ्या दिवशी गणिताचं पुस्तक घेऊन आली. पाचव्या दिवशी ओसरीत सहा मुलं होती. सुट्ट्या होत्या तरी.

---

रेशीमबाग

ताई, त्या पहाटेच्या चहाचं वाचून घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

---

भूगोलवाला

उन्हाळ्याची परीक्षा पास झाली. आता पावसाची बाकी आहे, तीच जड. सातपुड्याचा हा भाग ढग अडवतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. रस्त्याचं घड्याळ तेव्हाही लावा.

---

पांढुर्णेकर

आणि जमलं तर दोन दिवस मुलताईही बघा, तुलना तरी होईल.

---

निंबोणी (२२ ऑगस्ट)

जाऊन आलो. ९ ते १८ ऑगस्ट. परतीच्या आदल्या दिवसापर्यंत मनात नक्की नव्हतं, आता आहे.

जुलैमध्ये दोन दिवस मुलताईला गेलो होतो, पांढुर्णेकरांचा शब्द राखला. गाव खरंच सोयीचं. रेल्वे, बाजार, भाडं, माणसं, सगळं आमच्या खिशाला आणि जिभेला जुळणारं. दवाखान्याचा हिशोबही तिथे सर्वांत सोपा. एकटी माझी निवड असती तर कदाचित तिथेच थांबले असते. पण हे तलावाकाठी बसून म्हणाले, हे मानेवाडाच आहे गं, फक्त लहान. मला पटलं.

चिखलदऱ्याचा पाऊस. परतवाड्याहून निघालो तेव्हा रिमझिम होती. अर्ध्या घाटात धुकं असं उतरलं की ड्रायव्हरने काच खाली करून बाहेर डोकं काढून गाडी चालवली. पहिले तीन दिवस समोरचं घर दिसलं नाही. चौथ्या दिवशी अर्ध्या तासासाठी दिसलं, देवी पॉइंटकडचे धबधबे दिसले, सगळा डोंगर पांढऱ्या धारांनी भरलेला. ते पाहून कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल. मग पुन्हा पडदा.

घरात: मीठ बरणीत पाझरलं. पापड लवले. यांच्या चपलांना चौथ्या दिवशी हिरवी बुरशी. सुती साडी तीन दिवसांत वाळली नाही. आजी शेगडीवर डालं पालथं घालून त्यावर कपडे वाळवतात, मीही शिकले. लाईट १४ तारखेला दुपारी गेली ती दुसऱ्या दिवशी रात्री आली. फोनची रेंज तिच्याबरोबर गेली आणि तिच्याबरोबर आली. त्या ३० तासांत मुलीने पुण्याहून गाविलगड यांना, आजींच्या मुलाला, सगळ्यांना फोन लावून बघितले, एकही लागला नाही. लागला तेव्हा ती रागावली नाही, नुसती गप्प राहिली. ते मला जास्त लागलं.

यांचं चालणं बंद. दहा दिवसांत दोनदा बाहेर पडले, तेही छत्री उलटली म्हणून परत आले. सहाव्या दिवशी पायांवर सूज आली. डॉक्टरांशी नंतर बोललो, काळजीचं काही नाही, पण चालणं बंद झालं की असं होणारच म्हणाले.

आणि घड्याळ. १६ तारखेला रात्री नऊला पुन्हा तोच रस्ता. धुकं, एका वळणावर दगड आलेले, उतरून बाजूला करावे लागले. एक तास पस्तीस मिनिटं, फक्त परतवाड्यापर्यंत. पूर्ण रस्ता हे माझ्या शेजारी बसून बोलत होते, आणि माझ्या डोक्यात एकच, की आत्ता छातीत दुखलं तर?

१७ ला ओसरीत बसून दोघांनी मोकळं बोलून घेतलं. हे म्हणाले, मला वाटत होतं डोंगर म्हणजे बाराही महिने. मी म्हटलं, आपल्याला बारा महिने कुठे पळायचंय? आपण उन्हापासून पळतोय. पावसात नागपूर वाईट नाही, कूलर बंद, झाडं धुतलेली. तर ठरलं असं: १ ऑक्टोबरपासून ११ महिन्यांचा करार, पण राहायचं जूनच्या मध्यापर्यंत. पाऊस लागला की मानेवाडा. उरलेल्या अडीच महिन्यांचं भाडं वाया जाईल असं वाटलं होतं. आजी म्हणाल्या, खोलीला कुलूप लावून जाल तर आत बुरशी धरेल, मी रोज शेगडी ठेवीन, त्या महिन्यांचं अर्धंच द्या. भाडं साडेसहा हजार. महिन्याचा सगळा हिशोब २७ हजारांच्या आत बसतोय, औषधं धरून.

डॉक्टरांना दोन्ही आकडे सांगितले, ५५ आणि ९५ मिनिटं. ते म्हणाले, कोरड्या महिन्यांत जा, पावसात खाली राहा, गोळ्या चुकवू नका. आणीबाणीत काय द्यायचं, किती द्यायचं ते कागदावर लिहून दिलं. तो कागद दारामागे चिकटवणार आहे, एक प्रत आजींकडे, एक गाविलगड यांच्याकडे.

---

परिचारिका

तो कागद पाकिटातही ठेवा, यांच्या शर्टाच्या खिशात. बाहेर चालायला गेल्यावर दार सोबत नसतं.

---

तलाठ्याची लेक

करार नोंदवताना मालकीणबाईंचं नाव नगरपरिषदेच्या मालमत्ता कराच्या पावतीवर आहे का ते बघून घ्या. अशा जुन्या घरांत बरेचदा आजोबांचंच नाव असतं, मग वारस नोंद करावी लागते. आजींना ते करून द्यायला मदत करा, पुढे त्यांनाच उपयोग होईल.

---

निंबोणी

अगदी तसंच निघालं. आजोबांचं नाव, ते जाऊन अकरा वर्षं झाली. अर्ज हे लिहून देतायत, दोन मुलांच्या सह्या लागतील, एक अकोल्याला असतो. म्हणून ऑक्टोबरचा करार बहुतेक महिनाभर पुढे जाईल. हरकत नाही.

---

कन्हानकाठ

वहिनीला हा धागा वाचायला दिला. ती विचारते, ओसरीत मुलं अजून येतात का?

---

निंबोणी

येतात. ऑगस्टमध्ये शाळा सुटल्यावर भिजत यायची, आजी त्यांची डोकी पुसायच्या. दोन मुलं कोरकू आहेत, मराठी वाचताना अडतात, पण तोंडी हिशोब माझ्यापेक्षा जलद करतात. वहिनींना म्हणावं, डिसेंबरात या. दुसऱ्या खोलीत दोन खाटा आहेत.

---

गाविलगड (११ ऑक्टोबर)

अकोल्याची सही आली. ताई, सामान आणताना शेगडी आणू नका, इथे चांगली मिळते. ताडपत्री मात्र नागपूरहून जाड बघून आणा, मागच्या बाजूची तीन कौलं फुटली आहेत आणि कौलं बसवणारा दिवाळीनंतरच मोकळा होईल.